चारशे बारा बायकांचे खाडे

"उणे आलंय," परचुरे सर म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. "बघ, वैजयंता. उणे एक पूर्णांक आठ. कसंही फिरवलं तरी टिकतंय."

मी बघितलं. खरोखरच टिकत होतं. पुण्यातल्या आमच्या संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, दुपारी तीनच्या सुमाराला, देशभर नाव असलेला अर्थशास्त्राचा प्राध्यापक एका वजाच्या चिन्हाकडे बघून हसत होता. मी त्यांची विद्यार्थिनी, मीही हसले. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी पुष्कळ रागावले आणि अजून रागावलेलीच आहे, पण त्या दुपारी मी हसले होते.

गोष्ट २००३ सालची आहे. तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या शेड आहेत. वाळलेला बेदाणा तिथे बायका ओळीने बसून निवडतात, काड्या काढतात, हिरवा वेगळा आणि काळपट वेगळा करतात. दिवसाच्या हजेरीवर काम. या शेडच्या आजूबाजूला एका सरकारी खात्याने अकरा पाळणाघरं चालू केली होती. लेकरं असलेल्या बायकांचे फार खाडे होतात, पाळणाघर असलं तर होणार नाहीत, असा त्यामागचा हिशेब. पाच वर्षं झाल्यावर खात्याला प्रश्न पडला की हे चालू ठेवायचं की नाही. समिती नेमली. समितीने परचुरे सरांना विचारलं. बैठक सोळा दिवसांवर होती.

आता आमचा धंदा काय, ते सांगते. जास्त मुलं असलेल्या बाईचे खाडे जास्त, एवढं कुणीही मोजेल. पण ते मुलांमुळेच होतात कशावरून? ती बाई मुळातच जास्त गरीब असेल, आजारी असेल, नवरा पिणारा असेल. तेव्हा अशी एखादी गोष्ट शोधायची, की जी मुलांची संख्या वाढवते, पण खाड्यांना दुसऱ्या कुठल्याही वाटेने शिवत नाही. तिला आम्ही साधन म्हणतो. सरांनी साधन निवडलं होतं पहिली मुलगी. ज्यांना पहिली मुलगी होते ती जोडपी मुलगा होईपर्यंत थांबत नाहीत, त्यामुळे मुलं वाढतात. आणि पहिली मुलगी होणार की मुलगा, ही निसर्गाची नाणेफेक. गरीब-श्रीमंत बघत नाही, नवऱ्याची दारू बघत नाही. सर वर्गात सांगायचे, "साधनाला एकच वाट हवी. दुसरी वाट निघाली की साधन मेलं." या विषयात त्यांच्या नावाची एक कसोटी आहे, अजून शिकवतात. मीच शिकवते.

तर त्या साधनाने उत्तर दिलं होतं, की एक मूल वाढलं की बाईचे महिन्याचे खाडे जवळजवळ दोनने कमी होतात. वाढत नाहीत, कमी होतात. म्हणजे मुलं ही अडचणच नाही. अडचण नाही तर पाळणाघर कशाला?

"जबाबदारी वाढली की बाई जास्त नेमाने कामाला जाते," सर म्हणाले. मी गावाहून आणलेल्या पुड्यातले बेदाणे ते एकेक करून खात होते. "किती सुंदर आहे बघ. सगळ्यांना वाटतं त्याच्या बरोबर उलट."

मी म्हणाले की बायकांनी स्वतः सांगितलेले खाडे आहेत, विसरल्या असतील. सर म्हणाले, शेडच्या हजेरीपटाशी ताडून पाहिलंय, चारशे बारापैकी तीनशे नव्वद जणींचं तंतोतंत जुळतं, एवढा स्वच्छ आकडा मी आयुष्यात पाहिला नाही. मग त्यांनी माझं कौतुक केलं. प्रश्नावली मी लिहिली होती. इंग्रजीतल्या प्रश्नाचं पुस्तकी भाषांतर सरांना नको होतं. बायकांच्या तोंडचा शब्द घाल, तू तिकडचीच आहेस, असं ते म्हणाले होते. मी तिकडची, गुरव गुरुजींची मुलगी. मी लिहिलं, 'गेल्या महिन्यात तुमचे किती खाडे झाले?' चारशे बारा बायकांपैकी एकीनेही त्या शब्दाचा अर्थ विचारला नव्हता, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता.

तरी रात्रभर... नाही, खोटं कशाला सांगू, झोप मला नीट लागली. सकाळी मात्र मी फॉर्मचे गठ्ठे काढून बसले आणि एकही खाडा नसलेल्या बायका वेगळ्या काढल्या. शेवंताक्का कोळेकर त्यांतलीच. चार मुलं, आधी तीन मुली, मग मुलगा. धाकटा दीड वर्षाचा. महिन्यात खाडा एकही नाही. ही बाई मला चांगली आठवत होती, कारण मुलाखत चालू असताना ती दोनदा कंबर धरून उठली होती. दीड वर्षाचं पोर, धरलेली कंबर, आणि तीस दिवसांत एकही खाडा नाही. मला ते पटेना. सरांना न विचारता मी एसटीत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर पोचले तेव्हा मुकादम हजेरी घेत होता. मी दाराशी उभी राहिले. तो एकेक नाव घ्यायचा, ओळीतून "हाय" यायचं, तो टिक करायचा. "शेवंता कोळेकर," तो म्हणाला. "हाय," असं बारीक आवाजात आलं. मी तिकडे बघितलं. शेवंताक्काच्या जागेवर बारा वर्षांची पोरगी बसली होती, डोक्याला टॉवेल बांधलेला, अंगात शाळेचा निळा स्कर्ट. मुकादमाने तिच्याकडे बघून टिक केली आणि पुढचं नाव घेतलं.

मी ओळीच्या कडेने चालत गेले. सहाव्या जागेवर एक पोरगी. अकराव्या जागेवर एक. चौदाव्या, सतराव्या जागेवर. मुली खाली मान घालून निवडत होत्या, बोटं मोठ्या बायकांपेक्षा भराभर चालत होती. निसर्गाने केलेली नाणेफेक तिथे ओळीने बसली होती.

त्या पोरीने तिचं नाव सारिका सांगितलं. आई घरी हाय म्हणाली, कंबर धरलीया.

शेवंताक्काचं घर शेडमागच्या गल्लीत होतं. ती भिंतीला टेकून पडली होती. मला बघून उठली, चहाला आधण ठेवलं, नको म्हटलं तरी ऐकलं नाही. मी पिशवीतून तिचा फॉर्म काढला.

"आक्का, तुम्ही मला सांगितलं होतं, एकही खाडा नाही."

"मग? न्हाईच की."

"पण आज तुम्ही घरात आहात."

"मी घरात हाय. जागा रिकामी हाय का?" तिने माझ्याकडे असं बघितलं, की एवढं शिकून या बाईला इतकंही कळू नये. "जागा रिकामी ऱ्हायली तर खाडा. माझी जागा भरल्याली हाय. लागोपाठ तीन खाडं झालं की मुकादम जागा दुसऱ्या बाईला देतो. चार वर्सं झाली, माझा एक खाडा न्हाई."

बोलताना तिचा आवाज चढला होता. ते अभिमानाचं बोलणं होतं. मी विचारलं की सारिका महिन्यात किती दिवस बसते. तिने बोटांवर मोजलं. कंबर धरली की, बारक्याला ताप आला की, सासूला दवाखान्यात न्यायचं असलं की, आठवड्याचा बाजार. धा-बारा दिस, ती म्हणाली.

"आणि उरलेले दिवस?"

"साळंला जाती की. बारकी पोरं पाळणाघरात असत्यात म्हणून जाती. ते नसतं तर हिला कवाच घरात बसवली असती पोरं सांभाळायला." तिने चहा गाळला. "हुशार हाय. सहावीत हाय. धा-बारा दिस बुडालं तरी मास्तर पास करत्यात."

ज्यांच्या घरी मोठी पोरगी नाही त्यांचं काय, असं मी विचारलं. त्यांचं खाडं, ती म्हणाली. शेजारच्या सुनेचं पहिलंच पोरगं, तीन वर्षांचं, महिन्याला पाच-पाच खाडे व्हायचे. परवा तिची जागा गेली.

मला सगळं दिसलं, आणि एकदम दिसलं. पहिली मुलगी झालेल्या बाईचे खाडे कमी, कारण ती मुलगी तिच्या जागेवर बसत होती. चार पोरांच्या ओझ्याने बाई नेमाने कामाला जायला लागली नव्हती. ती पडून होती आणि तिचं ओझं सहावीतली पोरगी वाहत होती. सरांचं साधन मेलं होतं. दुसरी वाट निघाली होती आणि ती निळा स्कर्ट घालून रोज शेडपर्यंत चालत जात होती.

निघताना शेवंताक्काने हात धरला. "बाई, ह्ये कुनाला सांगशील का? पोरींचं? मुकादम डोळंझाक करतो म्हणून चाललंय."

"नाही सांगणार. फॉर्मवर वरच लिहिलंय, सगळी माहिती गुप्त राहील."

"लिवल्यालं मला वाचता येत न्हाई. तू तोंडानं सांग."

"नाही सांगणार, आक्का," मी म्हणाले.

पुण्याला आल्यावर मी दोन दिवस आकडे वेगळे करत बसले. ज्यांचं पहिलं मूल आठ वर्षांच्या आतलं आहे अशाच बायका घेतल्या, म्हणजे जागेवर बसायला कुणी नाही अशा. एकशे एकतीस निघाल्या. त्यांच्यात वजाचं अधिक झालं. एक मूल वाढलं की दीड खाडा जास्त. तो कागद घेऊन मी सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. परचुरे सर कधी आवाज चढवत नसत, आणि त्यामुळे तर माझं डोकं आणखी फिरायचं. कागद वाचून ते म्हणाले की एकशे एकतीस फार कमी आहेत, चुकीला वाव बघ केवढा आहे, यातून काहीच सिद्ध होत नाही. मी म्हणाले, सर, मी डोळ्यांनी बघितलंय. ते म्हणाले, एका शेडमध्ये एका सकाळी.

"हजेरीपट खोटा आहे, सर. मुकादम पोरीकडे बघून आईच्या नावावर टिक करतो. बायका तेच सांगतात. दोन्ही जुळतात, कारण दोन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलतात. जागेबद्दल. आपण बाईबद्दल विचारलंच नाही."

"आपण खाडे विचारले."

"तेच म्हणते मी. शब्द चुकला."

सरांनी चष्मा काढून पुसला. "वैजयंता, शब्द तू निवडलास. मला 'खाडा' माहीतसुद्धा नव्हता. तू तिकडची म्हणून मी विश्वास ठेवला. आता समितीच्या दहा दिवस आधी तू येऊन सांगतेस की तिकडच्या बायकांचा शब्द तुला कळलाच नव्हता?"

रागाने माझे कान तापले होते, आणि तो राग सरांवर आहे असं मला त्या वेळी वाटत होतं. कारण सर म्हणाले ते खोटं होतं. शब्द मला चांगला कळत होता. आमच्या घरी इठाबाई भांड्याला होती. ती आजारी पडली की तिची रत्नी यायची, माझ्याच वयाची. मी दप्तर घेऊन निघायची तेव्हा रत्नी आमच्या मोरीत राख घेऊन बसलेली असायची. आणि माझी आई शेजारणीला कौतुकाने सांगायची, आमची इठाबाई म्हणजे सोनं, वर्षात एक खाडा नाही. हे मी शंभरदा ऐकलं होतं. 'खाडा' हा शब्द मी बायकांच्या तोंडून उचललाच नव्हता, तो मला आईकडून मिळाला होता. कामाला ठेवणारीचा शब्द होता तो. आणि तिकडची म्हणून मिरवत मी तो चारशे बारा कामवाल्यांना विचारून आले होते.

हे मी सरांना सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की समितीपुढे हा आकडा ठेवू नये. ते म्हणाले, तळटीप देऊ. एक तळटीप. 'काही घरांत थोरल्या मुलींची मदत होत असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' त्यावर त्यांची सही, माझी सही. अकरा पाळणाघरं आणि बारीक टायपातली एक ओळ.

बैठक पुण्यातच झाली. लांब टेबल, आठ माणसं, मधोमध सहसचिव मॅडम. मला सरांच्या स्लाइड पुढे सरकवायला नेलं होतं. सरांनी वीस मिनिटांत नाणेफेक, साधन, वजा एक पूर्णांक आठ, सगळं छान समजावलं. माणसं माना डोलवत होती. तळटीप स्क्रीनवर आली आणि गेली. मीच बटण दाबलं. वित्त विभागाचे एक गृहस्थ म्हणाले, चला, म्हणजे प्रश्नच मिटला, या पाळणाघरांवरचा खर्च आपण इतरत्र वळवू.

"एक मिनिट," मी म्हणाले.

सर माझ्याकडे वळले. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मी बोलत सुटले. नाणेफेकीतली मुलगी कुठे बसते ते सांगितलं, हजेरीच्या वेळी आईच्या नावाला 'हाय' कोण म्हणतं ते सांगितलं. ती दहा-बारा दिवस तिथे बसते आणि उरलेले दिवस शाळेत जाते, आणि ती शाळेत जाऊ शकते ती पाळणाघरामुळे. पाळणाघर बंद केलंत तर आईचे खाडे तरीही वाढणार नाहीत, साहेब, तुमचा आकडा तसाच राहील, फक्त ती पोरगी तिसाच्या तीस दिवस शाळेला मुकेल. मी वित्तवाल्या गृहस्थांना म्हणाले की तुम्ही वळवताय तो खर्च एका सहावीतल्या मुलीच्या अंगावर वळवताय. माना डोलवणारी माणसं आता माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, मी जिंकले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की आपल्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग झाला.

सहसचिव मॅडम पुढे वाकल्या. त्यांनी पेन उघडलं.

"हे फार गंभीर आहे," त्या म्हणाल्या. "कोणत्या शेडमध्ये पाहिलंत हे?"

त्या ऐकत होत्या. एवढ्या माणसांत त्या एकट्याच मनापासून ऐकत होत्या, आणि मी हुरळले. माझ्या फाइलमध्ये शेडनिहाय तक्ता होता. कोणत्या शेडमध्ये थोरल्या मुली असलेल्या बायका किती आणि त्यांचे खाडे किती. मी तो काढून त्यांच्यापुढे ठेवला. सर दबक्या आवाजात म्हणाले, "वैजयंता, तो तक्ता देता येत नाही." ते बरोबर बोलत होते. त्या सगळ्या प्रकरणात परचुरे सर एवढं एकच वाक्य बरोबर बोलले, आणि मला वाटलं, म्हातारा छापायला पाठवलेला आपला शोधनिबंध वाचवतोय.

पंधरा दिवसांत धाडी पडल्या. मॅडमनी ऐकलं होतं ते 'बालमजुरी', आणि तेवढंच ऐकलं होतं. नऊ शेडवर जीप गेल्या. एकोणतीस मुली उचलल्या, दोन दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी सुधारगृहात ठेवल्या, मग आयांना बोलावून, सह्या-अंगठे घेऊन सोडल्या. शेडवाल्यांना किरकोळ दंड झाला. त्यांनी तो भरला आणि ज्यांच्या मुली सापडल्या त्या बायकांच्या जागा दुसऱ्यांना देऊन टाकल्या. आणि पाळणाघरं? समितीने लिहिलं, की जिथे बालमजुरी चालते अशा आस्थापनांना शासनाने सवलत देणं उचित नाही. अकराच्या अकरा बंद झाली. परचुरे सरांच्या आकड्याने जे होणार होतं ते माझ्या खरं बोलण्याने झालं, आणि वर आणखी जागा गेल्या.

मी सहसचिव मॅडमना चार पत्रं लिहिली. चौथ्याला उत्तर आलं, की मुलींची सुटका केल्याबद्दल खातं माझं आभारी आहे. ते पत्र मी फाडलं, मग त्याचेही तुकडे केले, आणि तरी हात थांबेनात.

सरांनी निबंध मागे घेतला नाही. त्यांनी तो सुधारला. दुसरी वाट निघाली तर उत्तर कोणत्या मर्यादांमध्ये फिरेल याचं एक सुरेख गणित त्यात घातलं, त्यातलं निम्मं मी केलं होतं, आणि माझं नाव शेजारी टाकलं. परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात तो छापून आला. माझी नोकरी त्याच्यावर उभी आहे. मी नाव काढून घ्यायला हवं होतं का? हो, हवं होतं. नाही काढलं.

निबंधासाठी पाहणीची दुसरी फेरी हवी होती. पुढच्या वर्षी त्याच बायकांकडे, नवा फॉर्म घेऊन. मी 'खाडा' काढून टाकला होता. 'गेल्या महिन्यात तुम्ही स्वतः किती दिवस कामावर गेला नाहीत आणि त्या दिवशी तुमच्या जागेवर कोण होतं?' असा लांबलचक, स्वच्छ प्रश्न लिहिला होता. शेवंताक्काच्या घरी दुसऱ्या कुणाला पाठवायचं मला जमलं नाही. मीच गेले.

ती उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होती. या वेळी उठली नाही. मी समोर पायरीवर बसले. माफी मागायची असं ठरवून आले होते. तिने मला बोलूच दिलं नाही.

"फारम आणलायस न्हवं? विचार काय ते."

"आक्का, आधी मला..."

"विचार म्हणलं न्हवं."

मी फॉर्म मांडीवर घेतला. नाव, वय, लग्नाचं वर्ष. ती भराभर सांगत गेली. कामाला आता कुठे जाता, तर रोजगार मिळेल तिथं. मग मुलांचं पान आलं. आमच्या साऱ्या शास्त्राचा पहिला प्रश्न त्या पानावर सगळ्यात वर होता.

"पहिलं मूल?"

"पोरगा," शेवंताक्का म्हणाली.

आत धाकटा रडत होता आणि त्याला गप करणारा आवाज सारिकाचा होता. दुपारचे साडेबारा वाजले होते, शाळेची वेळ होती. तो आवाज मला ऐकू येत होता, तिलाही ऐकू येत होता.

"आक्का, आत सारिका आहे."

"आत कुनी न्हाई. मला एकच पोरगा. ह्या गल्लीत आता कुनालाबी पोरगी न्हाई, बाई. फुडच्या घरातबी जा, तिथंबी हेच लिवायचं." तिने हातातली शेंग फोडली. "लिव्ह."

मी लिहिलं. पहिलं अपत्य, मुलगा. एकूण अपत्यं, एक. तिने ते वरून बघितलं, वाचता येत नसतानाही नीट निरखून बघितलं, आणि शाईच्या डबीत अंगठा बुडवून खाली उठवला.

"झालं?" ती म्हणाली. "मग ऊठ आता माझ्या दारातनं."